तंबाखू खाणारी सवत

माझ्या सवतीला मिशा होत्या. हे मी पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा माझी मुलगी पोट धरून हसली, आणि हसू ओसरल्यावर म्हणाली, "आई, तू खरंच जळतेस काकांवर." जळते म्हणजे काय, अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तो माणूस दारात चपला काढायचा तिथपासून सुरू व्हायचा, आणि तो गेल्यावर मी त्याचा चहाचा कप खसाखसा घासायचे तेव्हा कुठे जरा कमी व्हायचा.

हा माणूस म्हणजे माझ्या नवऱ्याचा बसमधला जोडीदार. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग काढणाऱ्या एका कंपनीत दोघे एकाच शिफ्टला होते, पण कामाच्या जागी त्यांची फारशी गाठ पडायची नाही. हे प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर, तो डिस्पॅचला. त्यांचं जे काही नातं होतं ते कंपनीच्या बसमध्ये होतं. या बसमध्ये कोण कुठे बसणार हे ठरलेलं असतं. एखादा नवा मुलगा चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसला तर त्याला कुणी ओरडत नाही. जागेचा मालक नुसता समोर उभा राहतो, बाकीचे बघत बसतात, मुलगा आपोआप उठतो. हे सगळं मला यांनीच हसत हसत सांगितलं होतं.

हे चिंचवडला गावठाणाच्या कोपऱ्यावर चढायचे आणि भाऊजी पुढे चिखलीला. तोंडावर मी त्यांना भाऊजीच म्हणायचे. आता आधी चढणारा माणूस खिडकी धरणार की नाही? पण भाऊजी तंबाखू खायचे, त्यांना थुंकायला खिडकी लागायची. म्हणून हे खिडकी सोडून कडेला बसायचे, आणि चिखली आली की भाऊजी यांचे गुडघे ओलांडून आत सरकायचे. कडेला बसणाऱ्याला डोकं टेकायला काच नसते. मोशी यायच्या आत यांचं डोकं भाऊजींच्या खांद्यावर असायचं. जाताना तसं, येतानाही तसंच, आणि हे कितीतरी वर्षं चाललेलं.

मला ते कळलं तेलामुळे. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असते, त्या दिवशी बायकामुलांना आत सोडतात. झेंडूच्या माळा घातलेल्या प्रेसपुढे उभं राहून सगळे फोटो काढतात, बुंदी खातात आणि घरी येतात. तिथे भाऊजींची बायको भेटली. तिने ओळखपाळख व्हायच्या आतच विचारलं, "वैनी, तेल कोणतं लावता वो? आमच्या ह्यांच्या शर्टाचा उजवा खांदा निघंना झालाय. साबण झाला, सोडा झाला, काय बी करा." आम्ही दोघी खूप हसलो. गुरुवारी कंपनीला सुट्टी असायची, तेव्हा मी यांच्या डोक्याला तेल चोळून द्यायचे. तेच तेल दुसरीच्या घरच्या बादलीत उतरत होतं. पण तेव्हा हसायला माझं काय जात होतं? घरी आलेला माणूस माझाच होता.

अपघात अशाच एका गुरुवारी झाला. हे चिकन आणायला गाडीवरून चिखलीला गेले होते. हेल्मेट होतं. आरशाला लटकवलेलं. एका टेम्पोने हूल दिली, गाडी घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. हातापायाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं, हे मला दवाखान्यात प्रत्येक जण आनंदाची बातमी असल्यासारखं सांगत होता. मेंदूत रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं, मग बरेच दिवस काचेपलीकडचा मुक्काम झाला, आणि एक दिवस हे स्वतःच्या पायांनी चालत घरी आले. सगळे म्हणाले, नशीब बघ तुझं, वाचले.

त्याच वर्षी आमच्या सोसायटीतल्या एका बाईचा नवरा गेला. तिच्याकडे महिनाभर बायका बसायला जात होत्या, डबे जात होते, तिचा हात हातात घेऊन रडत होत्या. माझ्याकडे कुणी यायचं ते हेच बोलायला, की नशीब तुझं. मला त्या बाईचा हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला. तिचं दुःख सगळ्यांना दिसत होतं. माझं माझ्याच घरात कोचावर बसून पेपर वाचत होतं, पेपर उलटा धरला नव्हता म्हणून कुणाला दिसत नव्हतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. मार मेंदूच्या पुढच्या भागाला आहे, ब्रेक तिथे असतो. मनात आलं ते तोंडातून येणार, राग आला की थांबवता येणार नाही, रडू आलं तर तेही नाही. तसंच झालं. कुकरची शिट्टी वाजली की हे कानावर हात ठेवून ओरडायचे. मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिकोही करते. माझं मशीन सुरू झालं की यांच्या डोक्यात कुणीतरी खिळे ठोकायला लागायचं. आयुष्यभर प्रेसच्या धडधडीत उभा राहिलेला माणूस, त्याला सुईचा आवाज सोसेना. शेवटी मशीन शेजारणीकडे नेलं. तिथे बसून मी दुसऱ्यांचे ब्लाऊज शिवायचे, आणि एक कान आमच्या दाराकडे ठेवायचे.

राग सोसला असता. पण राग फक्त माझ्यावर होता. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की हे गोड हसायचे. दूधवाल्याची चौकशी करायचे. वॉचमनला "काय राव, जेवला का?" म्हणायचे. दार लावून आत आले की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि मी पाणी पुढे केलं तरी "ठेव तिथं, चिकटू नको" असं ऐकायला मिळायचं. दिवसभर लोकांपुढे सांभाळून दमतात, मग जिथे सांभाळायची गरज नाही तिथे फुटतात, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे माझ्यावर ओरडणं हे प्रेमच समजायचं. समजले मी. पण वॉचमनला मिळालेलं हसू मला मिळालं नाही ते नाहीच. मला वॉचमनचाही हेवा वाटायचा.

आणि झोप. खरी गोष्ट तीच होती. डॉक्टर प्रत्येक वेळी पहिला प्रश्न तोच विचारायचे, झोपतात का? मेंदूची जखम झोपेत भरते, झोप झाली नाही तर चिडचिड वाढेल, फिट येण्याची भीती आहे. गोळ्या दिल्या तर हे झिंगल्यासारखे भिंतीला धरून चालायचे, एकदा न्हाणीघरात पडले, तेव्हा गोळ्या कमी केल्या. बिछान्यावर पडले की डोळे सताड उघडे. मी शेजारी पडून त्यांच्याकडे बघत राहायचे. डोळे मिटले का? श्वास लांब झाला का? आणि हे छताकडे बघत म्हणायचे, "काय बघतीस? मी काय पळून चाललोय व्हय?"

अशात एका गुरुवारी भाऊजी आले. दवाखान्यात येऊन गेले होते, पण घरी पहिल्यांदाच. केळी आणली होती. त्यांनी मला "वैनी, कसं चाललंय?" विचारलं आणि कोचावर बसले. हे बाल्कनीत येरझाऱ्या घालत होते ते आत आले. कोचावर भाऊजींच्या उजव्या बाजूला बसले. भाऊजींनी खिशातून मोबाईल काढला आणि कुठल्यातरी कुस्तीचा व्हिडिओ आवाज बंद करून बघायला लागले. मी चहा ठेवायला आत गेले. चहाला उकळी आली, मी गाळला, कप घेऊन बाहेर आले, तर माझा नवरा तोंड उघडं टाकून भाऊजींच्या खांद्यावर झोपला होता. घोरत होता! घरी आल्यापासून मी ते घोरणं ऐकलं नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. मुलीला झाला. ती दारातच उभी राहून रडली. मी कप हातात घेऊन उभी होते आणि माझ्या पोटात असं दुखायला लागलं की काय सांगू. मी इतके महिने पाय चेपले, डोक्याला तेल लावलं, दुधात जायफळ उगाळलं, नवस केले, आणि हा माणूस डझनभर केळी घेऊन येतो, कुस्ती बघत बसतो, आणि याच्या खांद्यावर हे झोपतात. भाऊजींनी मान न हलवता, नुसते डोळे वर करून मला खूण केली, चहा खाली ठेवा. माझ्याच घरात मला खूण!

मग दर गुरुवारी तेच. भाऊजी जेवून यायचे, दुपारभर बसायचे, संध्याकाळी जायचे. त्या रात्री हे जरा शांत असायचे, शुक्रवारीही बरे असायचे. शनिवारपासून पुन्हा आरडाओरडा. घरात सगळे वार गुरुवारावर मोजले जायला लागले. बुधवारपासून हे विचारायचे, "उद्या येणार हाय ना तो?" माझ्या माहेरी जायचं असलं, तळेगावला आईकडे दोन दिवस राहायचं असलं, तरी गुरुवार सोडून. एकदा मी विचारलं, "भाऊजी, तुम्ही नेमकं करता काय?" ते गोंधळून म्हणाले, "काय बी न्हाई वैनी. बसतो." मला वाटलं लपवतोय.

मी मग दुपारी यांना कोचावर बसवून स्वतः त्याच बाजूला बसले. हे सरकले. मी खांदा पुढे केला. हे म्हणाले, "काय टोचतंय?" मी उशी लावली. हे उठून बाल्कनीत गेले. मुलगी आतून म्हणाली, "आई, तू झोपवायला बसतेस, म्हणून नाही होत." तिला काय कळतंय? मी तिला भाजी निवडायला बसवलं.

मग मला सुचलं ते तंबाखूचं. फिजिओथेरपीच्या बाईने एकदा सांगितलं होतं, की वासाची आठवण पक्की असते, बाकी विसरलं तरी वास राहतो. मी म्हटलं, झालं! एवढी वर्षं यांच्या नाकात झोपेच्या वेळी तंबाखूच गेला आहे. माझ्यात तो वास नाही, म्हणून झोप येत नाही. मी कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले, तोंडावर पदर घेऊन एक पुडी आणि चुन्याची डबी मागितली. टपरीवाल्याने दोनदा बघितलं. घरी येऊन तळहातावर चुना घालून अंगठ्याने मळला, शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तो मळलेला तंबाखू रुमालात बांधून मी खांद्यावर ब्लाऊजच्या आत खोचला. मग यांच्या शेजारी जाऊन बसले.

यांनी नाक वर करून हुंगलं. माझ्या मनात आलं, जमलं. इतक्यात हे ताडकन उठले. "तू तंबाखू खायला लागलीस?" मी म्हटलं, अहो नाही, हळू बोला. पण ब्रेक कुठे होता? हे बाल्कनीत गेले आणि खालच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमची ही तंबाखू खाती! ब्लाऊजमधी लपवती!" खाली भाजीवाल्याच्या गाडीभोवती निम्मी सोसायटी होती. दुसऱ्या दिवशी शेजारीण मशीनपाशी येऊन बसली आणि फार मायेने म्हणाली, "टेन्शनमुळे लागते सवय, पण हळूहळू सोडा." तिच्या मायेने मी आणखीच पेटले. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या गुरुवारी भाऊजींना हे सगळं यांनी स्वतःच सांगितलं, आणि दोघे इतके हसले की भाऊजींना ठसका लागला. यांना हसताना बघून मी पण हसले असते, पण माझ्यावर हसत होते आणि त्याच्याबरोबर हसत होते.

पावसाळा संपता संपता भाऊजी एका गुरुवारी केळ्यांऐवजी पेढे घेऊन आले. कंपनी त्यांचं डिपार्टमेंट दुसऱ्या राज्यात हलवत होती. ज्यांना जायचं नाही त्यांना हिशेब मिळणार होता. भाऊजींनी हिशेब घ्यायचं ठरवलं होतं, लातूरकडे त्यांच्या धाकट्या भावाचं हार्डवेअरचं दुकान होतं, तिथे बसणार होते. चिखलीची खोली सोडायची, बायको-मुलं पुढे गेली होती.

मला आनंद झाला. उगाच कशाला लपवू? मनात अक्षरशः सनई वाजली. त्या दिवशी मी भाऊजींना पहिल्यांदा मनापासून काहीतरी करून घातलं. शिरा केला, साजूक तुपातला, काजू-बेदाणे घालून. भाऊजी म्हणाले, "वैनी, लई झ्याक झालाय." मी आणखी वाढला. हे खांद्यावर झोपले होते, भाऊजी डाव्या हाताने चमच्याने खात होते. खाता खाता म्हणाले, "आता मलाच झोप लागती का बघायचं लातूरच्या बसमधी. इतके वर्षं जागाच होतो की. मी डुलकी घेतली तर ह्याचं डोकं पडंल म्हणून." मग थोड्या वेळाने म्हणाले, "ह्याच्या अपघातानंतर बी मला बसमधी झोप न्हाई लागली. खांदा तसाच धरून बसतो बगा." मी म्हणणार होते की मी पण जागी आहे. पण त्यांनी मला विचारलं नव्हतं.

पहिला गुरुवार गेला. हे सकाळपासून दार उघडं ठेवून बसले. मी सांगितलं, भाऊजी गावाला गेले, आता नाही येणार. "व्हय, माहितीये," म्हणाले आणि बसूनच राहिले. दुसऱ्या गुरुवारी फोन लावून दिला. स्पीकरवर भाऊजी म्हणाले, "काय राव, कसायस?" हे मोबाईल खांद्याशी धरून बसले. गिऱ्हाईक आलं म्हणून भाऊजींनी फोन ठेवला, तरी हे तसेच. मग झोपेचं पार खोबरं झालं. डोळ्यांखाली काळं आलं, हाताला कंप सुटला, एक दिवस वरणाची वाटी भिंतीवर गेली. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर फिट येईल, पुन्हा दाखल करावं लागेल. मी जिंकले होते, आणि घरात एवढी शांतता नव्हती की जिंकल्याचं सुख घ्यावं.

मग एका सकाळी हे घरात नव्हते. कपाटातला कंपनीचा शर्ट नव्हता. मी तशीच खाली पळाले. वॉचमन म्हणाला, साहेब डब्याची पिशवी घेऊन कोपऱ्यावर गेले. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. इतक्यात फोन आला, कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरचा. "वैनी, साहेब आपल्या बसमध्ये आहेत. मुलांनी प्रेमानं चढवून घेतलं, आता ऐकत नाहीत. चिखलीला थांबलोय. या लवकर."

मी रिक्षाने गेले. बस कडेला उभी होती, तिच्यातून यांचा आवाज रस्त्यावर येत होता. मी आत चढले. एवढी वर्षं जिच्याविषयी ऐकलं त्या बसमध्ये मी पहिल्यांदा पाय ठेवला. सगळी माणसं, एकजात पुरुष, मान खाली घालून बसलेली. मागच्या चाकावरच्या बाकावर हे कडेला बसले होते. खिडकीची जागा रिकामी होती. खच्चून भरलेल्या बसमध्ये, लोक उभे असताना, ती एक जागा कुणी घेतली नव्हती. हे ओरडत होते, "थांबा म्हणतो ना! तो यायचाय अजून!" मी यांच्या हाताला धरलं आणि खिडकीच्या जागेकडे सरकायला लागले, म्हटलं जरा शेजारी बसून समजूत घालावी. यांनी गुडघे आडवे केले.

"इथं माणूस येणार हाय," हे म्हणाले. "तू कशाला आलीस?"

बसमधल्या कुणीही वर बघितलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. शेवटी ड्रायव्हरने आणि एका मुलाने मिळून यांना खाली उतरवलं. घरी येऊन मी शेजारणीकडे गेले, मशीनवर बसले आणि जोरात रडले. एवढा राग मला त्या टेम्पोवाल्याचाही आला नव्हता. रिकाम्या जागेलासुद्धा माझ्यापेक्षा जास्त मान होता!

पण रडून झाल्यावर एक गोष्ट डोक्यात राहिली. ओरडणं सुरू होण्याआधी, चिंचवडपासून चिखलीपर्यंत, हे बसमध्ये शांत बसून होते, असं ड्रायव्हर म्हणाला होता. बस खडखडते, हॉर्न वाजतो, गिअर ओरडतो, तरी शांत. जे माझ्या शिलाई मशीनला जमलं नाही ते त्या खटाऱ्याला जमत होतं. कंपनीच्या बसमध्ये पुन्हा चढवायची माझी हिंमत नव्हती. पण चाकणला सिटी बसही जाते. दुपारी तिला गर्दी नसते.

दोन दिवसांनी जेवण झाल्यावर मी म्हटलं, "चला, चाकणला जाऊन येऊ." हे लगेच उठले, कशाला ते विचारलं नाही. बसमध्ये मागच्या चाकावरचा बाक मोकळा होता, हे तिकडेच गेले आणि कडेला बसले. या वेळी गुडघे आडवे केले नाहीत. मी ओलांडून खिडकीत जाऊन बसले. खांदा पुढे केला नाही. खरं सांगायचं तर माझ्यात ताकदच उरली नव्हती. झोपा नाहीतर बसा, म्हटलं मनात. बाहेर बघत राहिले. स्पाईन रोडला रस्ता खणून ठेवला होता, बस गचके खात होती. मोशीच्या पुढे कंटेनरची रांग लागली. एका शेडवर वेल्डर पाहिजेत अशी पाटी होती, तिच्याखाली तीन मुलं उभी राहून वडापाव खात होती. मला आठवलं की एका बाईचा अस्तराचा ब्लाऊज आज द्यायचा होता, तिच्या बाह्या अजून जोडायच्या होत्या, ती आता तोंड सोडणार. ते काय सांगून टाळावं याचा मी विचार करत होते, तेव्हा माझ्या खांद्यावर वजन आलं.

मी श्वास रोखला. डोकं पूर्ण टेकलं होतं. केस माझ्या गालाला लागत होते. ऑपरेशनच्या जागेचा खड्डा मला कानाजवळ जाणवत होता. मग हे झोपेतच, दाटलेल्या आवाजात म्हणाले, "भावा, गेट आलं की उठव."

माझं डोकं भणाणलं. वाटलं, खांदा काढून घ्यावा आणि सांगावं, की मी आहे. तुमची बायको. ज्याला हाक मारताय तो लातूरला खिळे विकतोय. शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले होते. सांगितलं असतं तर हे जागे झाले असते. हे उत्तराची वाट बघत होते, मान अजून ताठ होती, मला कळत होतं. लग्नाला वीस वर्षं झाली, मी या माणसाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"झोप राव," मी म्हणाले.

मान सैल पडली आणि हे घोरायला लागले.

चाकणला सगळे उतरले. कंडक्टर येऊन उभा राहिला, यांच्याकडे बघून आवाज खाली आणत म्हणाला, "मावशी, शेवटचा स्टॉप." मी पैसे पुढे केले आणि परतीची दोन तिकिटं मागितली. बस वळली. खांद्याला मुंग्या आल्या होत्या, पुढे पुढे हात असल्याचंही कळेना. मला ते घोरणं हवं होतं, ते मिळालं होतं, आणि दुसऱ्याच्या नावावर मिळालं होतं. मी जाताना जेवढी जळत होते तेवढीच येताना जळत होते. मोशी गेली, चिखली गेली. मी हलले नाही.

चिंचवड जवळ आल्यावर एका गचक्याने हे जागे झाले. डोळे चोळले, सरळ बसले, आणि माझ्याकडे वळून बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत लाली नव्हती. कपाळावर आठी नव्हती. मला बघून त्यांना नवल वाटलं.

"तू कधी आलीस?" हे म्हणाले. "तो कुठं गेला?"

मी म्हटलं, "चिखलीला उतरले भाऊजी. मला जागा देऊन गेले."

यांनी मागे वळून रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि जरा विचार करून म्हणाले, "बस मंग."